तोफमामांचा घसा

माणसाने भित्रं असावं, पण त्याला काही धरबंध? तोफमामा कुत्र्याला भीत, पालीला भीत, दारावरची बेल अवेळी वाजली तर भीत, आणि बरेच दिवस वाजली नाही तर त्यालाही भीत. ‘जरा आत या,’ असं वरिष्ठांनी म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येई. आत गेल्यावर कळे, की खिडकी लावायची आहे. बायको म्हणे, ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात. तुमच्या पाठी त्याचं अख्खं खटलं लागलंय.’

आणि अशा माणसाला देवाने आवाज दिला होता तो मात्र तोफेसारखा. घरात त्यांनी ‘पाणी आण’ म्हटलं, तर शेजारच्या घरातला माणूस पेला घेऊन उठे. त्या आवाजावरच त्यांना कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी लागली आणि त्या आवाजावरूनच नाव पडलं. आधी नुसतंच ‘तोफ’, मग केस पिकले तसं ‘तोफमामा’.

काम म्हणाल तर पुकारा करायचं. कोर्टाच्या दारात स्टुलावर बसायचं, आतून कारकुनाने खूण केली की उठायचं आणि पुढच्या खटल्यातल्या माणसांना नाव घेऊन हाक मारायची, तीन वेळा. तीन हाकांत आला नाही तो गैरहजर. फिर्याद करणाराच गैरहजर असला तर फिर्याद निकालात निघे आणि आरोपी मोकळा होऊन खाली चहा प्यायला जाई. काम एवढंसं, पण त्यावर माणसांची वर्षंच्या वर्षं टांगलेली असत.

पुकारा दारात उभं राहून करावा, एवढंच नियमात होतं. पण कोर्ट वरच्या मजल्यावर आणि व्हरांड्यात बाकं कमी, तेव्हा माणसं बसणार कुठे? ती खाली अंगणात पत्र्याच्या शेडखाली बसत, चहाच्या टपरीला लागून, जिथे स्टोव्हच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही कळत नसे. म्हणून तोफमामा पहिली हाक दारात देत, दुसरी जिन्याच्या तोंडाशी आणि तिसरी व्हरांड्याच्या कठड्यावर ओणवून, थेट शेडकडे तोंड करून. तिसऱ्या हाकेला आपल्या कपबशा हलतात, असं चहावाला शपथेवर सांगे.

हे त्यांनी न्यायाच्या प्रेमापोटी सुरू केलं म्हणावं, तर तसं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एक म्हातारी खाली बसून राहिली, हाक तिच्यापर्यंत पोचलीच नाही आणि तिची फिर्याद गेली. वर येऊन ती यांच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मनातल्या मनात हिने काय शाप दिला असेल, या धास्तीने यांना जेवण जाईना. तेव्हापासून ते कठड्यापर्यंत जाऊ लागले. माणसाच्या चांगुलपणाचं मूळ फार खणू नये. बहुतेकदा तिथे असंच काहीतरी हाती लागतं.

अलीकडे शेडखाली एक इस्त्रीवाली येऊन बसे. रस्त्याच्या कडेला टेबल टाकून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करणारी बाई. तिचा नवरा चेअरमनच्या गोदामाच्या फाटकावर पहारेकरी होता. चेअरमन म्हणजे तिथलं मोठं प्रस्थ. गोदामं त्याची, ट्रक त्याचे, निवडणुकीत निवडून येणारे त्याचे आणि पडणारेही त्याचेच. एका संध्याकाळी त्याच्या धाकट्या मुलाची गाडी फाटकाशी आली आणि पहारेकऱ्याने अंधारात न ओळखून विचारलं, ‘कोण?’ पहारेकऱ्याने हे नाही विचारायचं तर दुसरं काय विचारायचं? पण मुलगा उतरला आणि त्याने लोखंडी कांबीने त्याला असा झोडपला, की तो माणूस अजून अंथरुणाला खिळून होता. पोलिसांनी लिहिलं, पाय घसरून पडला. तेव्हा बाई स्वतःच फिर्यादी होऊन थेट कोर्टात आली. तिने दिलेला वकील पहिल्या तारखेनंतर आजारी पडला, तो अजून बरा झालेला नव्हता. मागच्या तारखेला नवऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं म्हणून ती येऊ शकली नाही, आणि न्यायाधीशसाहेबांनी बजावलं: पुढच्या वेळी फिर्यादी हजर नसेल तर फिर्याद काढून टाकू.

ती वर व्हरांड्यात थांबत नसे, कारण चेअरमनची माणसं जिन्यात उभी असत. बोलत नसत, काही करत नसत, नुसती बघत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हिला तर त्या पायरीवर पाय ठेवायलाही जागा नसे. मग ती शेडच्या पार टोकाला जाऊन बसे आणि तोफमामा दिसले की म्हणे, ‘मामा, तुमची हाक आली की डोळे मिटून धावत सुटते बघा. तुमच्या आवाजाच्या भरवशावर बसलेय मी.’

हे चेअरमनच्या माणसांनी ऐकलं असणार. कारण तारखेच्या आधीच्या आठवड्यात टपरीवर तोफमामांच्या शेजारी गोडबोल्या येऊन बसला. हा चेअरमनचा उजवा हात. गोडबोल्या हे नाव लोकांनी ठेवलेलं, अर्थात त्याच्या माघारी. त्याने आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, आणि तो हसून बोलून गेला की लोक घराच्या कड्या तपासून बघत.

‘मामा, एवढं ओरडता, घशाची काळजी घेता ना?’

‘घेतो की.’

‘नियमात काय आहे हो? दारात उभं राहायचं. मग त्या कठड्यापर्यंत कशाला तंगडतोड? गुडघे जातील अशाने.’

तोफमामांनी चहाचा घोट घेतला, तो जीभ पोळत खाली गेला.

‘येत्या तारखेला आपलं नियमाने करा. दारात उभं राहून तीनदा नाव घ्यायचं. हळू, सभ्य माणसासारखं. खोटं बोला म्हणतोय का आम्ही? चोरी करा म्हणतोय? उलट नियमाने वागा म्हणतोय.’ मग त्याने मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘बरं, मुलगी कशी आहे? औषधाच्या दुकानात लागली ना? छान झालं. संध्याकाळी पुलावरूनच येते ना घरी? त्या पुलावरचे दिवे काही खरे नाहीत हो. कधी लागतात, कधी नाही. मला आपली काळजी वाटते.’

एवढं बोलून तो गेला. तोफमामांची पाचावर धारण बसली. कप बशीत ठेवताना तो एवढा वाजला, की चहावाल्याने वळून पाहिलं.

त्या संध्याकाळी ते लेकीला आणायला दुकानावर गेले. अंधार पडायच्या आत पोचावं म्हणून जवळजवळ धावतच गेले.

‘बाबा, तुम्ही इथे कसे?’

‘सहज.’

‘सहज कुणी असं धापा टाकत येतं का?’

पुलावर ते तिच्या बाहेरच्या बाजूने चालले. मागून मोटारसायकल आली की त्यांचा हात तिच्या दंडावर जाई आणि मोटारसायकल पुढे निघून गेली की सुटे. लेक म्हणाली, ‘दुखतंय ना, बाबा.’ त्यांनी सॉरी म्हटलं आणि पुढच्या मोटारसायकलला पुन्हा तेच केलं. पुलावरचा मधला दिवा खरोखरच बंद होता. त्या दिव्याखाली आल्यावर त्यांना वाटलं, आपण इथेच खाली बसावं आणि रडावं. पण लेक बरोबर होती.

इकडे आड, तिकडे विहीर. नियमाने हळू हाक मारावी, तर ती बाई शेडखाली बसून राहणार. नेहमीसारखी मारावी, तर पूल. शूर माणूस अशा वेळी दोहोंतली एक वाट धरतो. भित्र्याला तिसरी सुचते आणि ती सुचल्यावर त्याला आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं. तोफमामांचा घसा बसला.

सकाळी उठून त्यांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि बायकोला कुजबुजत सांगितलं, आवाज गेला. बायको आधी घाबरली, मग हसली. ‘इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदा घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय,’ म्हणाली. तिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, आल्याचा रस पाजला, आणि शेजारणीने सांगितलेला एक काढा असा कडू करून दिला, की खरा आजारही पळून गेला असता. मामांनी सगळं निमूट घेतलं. त्यांना ते थोडं बरंही वाटलं. शिक्षा झाल्यासारखं.

लेकीने दुकानातून गोळ्या आणल्या आणि बॅटरी धरून त्यांच्या घशात पाहिलं. ‘लाल तर काही दिसत नाही, बाबा.’ त्यांनी पटकन तोंड मिटलं. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली, मग बॅटरी विझवून आत गेली.

कोर्टात कारकुनाने शेजारच्या दालनातला बदली पट्टेवाला दारावर बसवला. नवीनच लागलेला, पोरांचा बाप, गरीब स्वभावाचा माणूस. त्याचा आवाज समोरच्या भिंतीपर्यंतही धड जात नसे. तोफमामा शेजारी स्टुलावर नुसते बसून राहत, कागद आत-बाहेर नेत. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं त्यांना वाटत होतं. हाक आपण मारणारच नाही, मग ऐकू आली काय नि न आली काय, दोष आपला कसा?

मग गोडबोल्या जिन्यात भेटला. त्याने मफलरकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा कौतुकाने फुलला.

‘वा, मामा! तुम्ही तर आमच्याही पुढे गेलात. मी उगाच काळजी करत होतो.’

त्याने पाठ थोपटली आणि तो खाली उतरला. तोफमामा जिन्यातच उभे राहिले. आपण दोघांच्या वाटेतून बाजूला झालो, असं ते समजत होते. चेअरमनला हवं होतं तेच तर आपण केलंय, तेही न सांगता आणि वर काढा पिऊन, हे त्यांना तेव्हा कळलं. पण घसा बरा झाला, असं सांगायची छाती काही झाली नाही. पूल डोळ्यांपुढून हलेना.

तारीख उजाडली. मामा फाटकातून आत शिरले तर समोर इस्त्रीवाली, हातात पिशवी.

‘मामा, घशाला काय झालं?’

त्यांनी हाताने खूण केली, बसलाय.

‘अगं बाई! मग आज हाक कोण मारणार?’

त्यांनी वर व्हरांड्याकडे बोट केलं. बदली पट्टेवाला कठड्याशी उभा राहून जांभई देत होता. बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

‘त्याचा आवाज यायचा नाही हो खाली. आणि वर थांबायचं तर ती माणसं...’ मग तिला सुचलं. ‘असं करा ना मामा. तुम्ही तिथे स्टुलावरच बसता ना? माझा नंबर आला की नुसता हात करा. मी तुमच्याकडेच बघत बसते. दुसरीकडे मान वळवत नाही.’

आणि तोफमामांनी मान हलवली. का हलवली? नाही म्हणायचं तर कारण सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

सकाळभर ते स्टुलावर अंगार ठेवल्यासारखे बसले. कठड्याच्या गजांतून खाली शेड दिसत होती आणि शेडच्या टोकाला ती. खरोखरच तिने मान वळवली नाही. शेजारी कुणी चहा विचारला तर वर बघत बघतच नको म्हणाली. डाव्या बाजूला उघड्या दारातून कोर्टाचं दालन दिसत होतं. मागच्या बाकावर गोडबोल्या हातावर हात ठेवून बसला होता आणि आरोपीच्या जागी चेअरमनचा मुलगा नखं बघत होता. जिन्याच्या तळाशी चेअरमनची माणसं उभी होती. तोफमामांनी मनातल्या मनात साहेबांना विनवलं, आज नको, आज तब्येत बिघडू दे तुमची, पुढची तारीख द्या.

कारकुनाने खूण केली. बदली पट्टेवाला दारात उभा राहिला आणि त्याने नाव घेतलं. वाईट हेतूने हळू घेतलं असंही नाही. त्याचा आवाजच तेवढा. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं आणि तो दाराला टेकला.

‘फिर्यादी गैरहजर, साहेब,’ आत कारकून म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, पण टेबलावर फायलींचा ढीग आणि घड्याळ पुढे पळत असलेलं. ‘आजही नाही? मागच्या वेळी बजावलं होतं ना?’ मग ते टंकलेखकाकडे वळले. ‘घ्या. फिर्यादीला वारंवार संधी देऊनही...’

तोफमामा मूग गिळून बसले होते. त्यांनी ठरवलं होतं, खाली बघायचंच नाही. आणि बघितलं. ती तशीच, वर तोंड करून. तिला वाटलं असावं की मामांना काही सांगायचंय, कारण तिने हनुवटी उचलून विचारलं, आला का नंबर?

आता आली पंचाईत. इतका वेळ नुसतं बसून राहणं पुरत होतं. आता तिने विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला हवं होतं. मान आडवी हलवायची, म्हणजे तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचं. हात उचलायचा, म्हणजे पूल. मांडीवरचा हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा जड झाला. लेकीचा दंड आठवला, ‘दुखतंय ना, बाबा’ आठवलं. त्यांना त्या बाईचा राग आला. कुणी सांगितलं होतं हिला भरवसा ठेवायला? जगात एवढी माणसं, आणि हिला हाच एक भित्रा सापडला?

आणि हात वर गेला. शूर झाले म्हणून नव्हे; मान आडवी हलेना म्हणून.

बाई उठली ती धावतच सुटली, पिशवी तिथेच टाकून. अंगण ओलांडून जिन्याशी आली आणि थांबली. कुणी तिला हात लावला नाही. माणसं फक्त खांद्याला खांदा लावून उभी राहिली. ‘सावकाश, बाई. गर्दी आहे. पडाल,’ त्यांतला एक अदबीने म्हणाला. ती डावीकडून जाऊ लागली, तर माणसं डावीकडे सरकली. उजवीकडून गेली, तर उजवीकडे. आत साहेबांचं वाक्य शेवटाला येत होतं. कळफलक खडखडत होता.

तोफमामा उठले. आपण उठलोय हे त्यांना दारात पोचल्यावर कळलं. पट्टेवाल्याने कोर्टात आपणहून तोंड उघडायचं नसतं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिथे खोकलाही दाबून धरला होता.

‘साहेब, बाई हजर आहे!’

सगळं कोर्ट दचकलं. टंकलेखकाची बोटं थांबली, वरच्या खिडकीतली कबुतरं उडाली. नेहमीचीच तोफ, पण बंद दालनात सुटलेली.

‘खाली जिन्यात अडवलीय तिला, साहेब. माणसं आडवी उभी केलीत. येऊ देत नाहीत.’

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कोर्टातल्या पोलिसाला खाली धाडलं आणि टंकलेखकाला थांबायची खूण केली. ‘मामा, तुमचा घसा बसला होता ना?’

‘नव्हता बसला, साहेब.’

‘मग?’

‘भ्यालो होतो,’ ते म्हणाले.

‘कुणाला?’

मागच्या बाकावर गोडबोल्या बसला होता, तसाच, हसतमुख. तो नकारार्थी मानही हलवत नव्हता. फक्त बघत होता, जसं टपरीवर मुलीची चौकशी करताना बघितलं होतं तसं. तोफमामांनी दाराची चौकट धरली. तोंडून नाव काही निघेना. शेवटी त्यांनी बोट उचललं आणि त्या बाकाकडे केलं.

‘हे म्हणाले, हळू हाक मार. आणि माझी मुलगी कुठल्या पुलावरून जाते ते सांगितलं.’

पोलिसाच्या मागून बाई आत आली. पदर कमरेला खोचलेला, श्वास लागलेला. ‘आहे साहेब, मी आहे,’ एवढंच तिला म्हणता आलं. साहेबांनी अर्धा झालेला हुकूम खोडायला सांगितला. फिर्याद राहिली. बाईला ये-जा करायला पोलीस द्यावा, आणि पुकारा करणाऱ्याने पुढच्या तारखेला शपथेवर साक्ष द्यावी, असा नवा हुकूम झाला. साक्षीदाराने दारात बसायचं नसतं, म्हणून तोपर्यंत तोफमामांचं स्टूल गेलं.

बाहेर पडताना गोडबोल्या त्यांच्या जवळून गेला. ‘घसा जपा, मामा,’ तो म्हणाला. आवाजात तेवढीच साखर.

घरी त्यांनी सांगितलं तेव्हा बायको मटकन खाली बसली. ‘अहो, जन्मभर पालीला भ्यालात. शूर व्हायला हाच दिवस सापडला का तुम्हाला?’

‘शूर कसला? अजून गुडघे लटपटतायत, बघ.’

लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे रागाने भरून आले होते. ‘म्हणजे इतके दिवस माझं नाव पुढे करून तुम्ही गप्प बसला होतात? मला एकदा तरी विचारलंत?’

‘विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?’

‘गप्प बसा, असंच म्हणाले असते कदाचित,’ ती शेवटी म्हणाली. ‘मला काय भीती वाटत नाही? पण विचारायला हवं होतं, बाबा.’



पुढचे दिवस कसे गेले ते त्या घरालाच ठाऊक. दुकानदाराने लेकीला सांगितलं, काही दिवस येऊ नको, वातावरण निवळलं की बघू. ती घरी बसली आणि दार लावून रडली. मामा दाराबाहेर उभे राहिले, पण आत जायचं धाडस झालं नाही. एक मोटारसायकल संध्याकाळी येऊन घरासमोर थांबे. इंजिन चालू ठेवून माणूस तसाच बसून राही आणि मग निघून जाई. बायकोने पडदे सोडून ठेवले आणि स्वयंपाकघरात कुणाचं भांडं पडलं तरी तिघंही एकदम दचकत. पोलिसात सांगितलं तर त्यांनी विचारलं, रस्त्यावर गाडी उभी करणं हा काय गुन्हा आहे? टपरीवर मामा बसले की शेजारची माणसं चहा उभ्याने संपवत. आपण चूक केली, असं त्यांना रोज सकाळी वाटे. साक्ष देताना सांगावं, नीट आठवत नाही, असंही मनात येऊन गेलं, आणि एकदा नव्हे, रोज.

तारखेला ते पट्टा न लावता, साध्या कपड्यांत, खाली शेडखाली बसले. नाव पुकारल्यावर हजर व्हायचं. नाही झालं तर साक्ष गेली, आणि साक्ष गेली की घडलं ते घडलंच नव्हतं. दारात तोच बदली पट्टेवाला होता. सकाळी तो यांना टाळून दुसऱ्या बाजूने वर गेला होता. त्याच्याही शेजारी कुणीतरी बसून चहा प्यायलं असणार, त्यालाही पोरं होती. मामांना त्याचा राग आला नाही. स्टोव्ह फरफरत होता, कपबशा खळखळत होत्या, आणि त्यांनी कान कितीही टवकारले तरी वरचं अवाक्षर ऐकू येत नव्हतं. वर जाऊन थांबावं, तर जिन्यात ती माणसं होतीच. पोलिसासमोर फक्त जरा अंतर ठेवून.

इस्त्रीवाली येऊन त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं, ते थरथरत होते. त्यांनी ते काखेत घातले. मग ती उठली आणि काही न बोलता निघून गेली. गेली बिचारी, मामांनी मनात म्हटलं, हिने तरी का थांबावं?

ती फाटकाकडे गेली नाही. जिन्याकडे गेली. तिच्या सोबतीला दिलेला पोलीस टपरीवर माचिस मागायला आला होता, त्याच्यासाठी ती थांबली नाही. पायऱ्या चढून ती त्या माणसांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, कठडा घट्ट धरून, तोंड वर करून, कान दाराकडे लावून. एकजण तिच्याकडे वाकून काहीतरी पुटपुटला. तिचे खांदे आक्रसले, पण पाय जागचे हलले नाहीत. इतके दिवस ज्या पायऱ्यांना ती भीत होती, त्याच पायऱ्यांवर ती दुसऱ्याचं नाव ऐकायला उभी होती.

मामांना वरची हाक ऐकू आली नाही. त्यांना तिची ऐकू आली. बारीक, चिरकी, ओरडायची सवय नसलेली हाक अंगण ओलांडून आली.

‘मामा! तुमचं नाव घेतलंय! वर या!’

खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना वाटलं, हिला ऐकू आलंच नसतं तर किती बरं झालं असतं. शेडच्या खांबाला धरून ते उठले. साक्षीत काय सांगायचं ते सगळं एकदम विसरल्यासारखं झालं होतं. तसेच ते अंगण ओलांडून निघाले.

जिन्याशी पोचले तेव्हा माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. मधल्या पायरीवरून इस्त्रीवाली त्या माणसांकडे वळली.

‘सरका,’ ती म्हणाली. ‘मामांना वर जायचंय.’